सात सीटांची लक्झरी एसयूव्ही घेताय? या चुका टाळा

शोरूममधली गाडी रिकामी असते. तिसरी रांग दुमडलेली, डिकी मोकळी, मधली सीट हवी तेवढी मागे सरकवलेली. अशा अवस्थेत कुठलीही मोठी एसयूव्ही ऐसपैसच वाटते. पण सात सीटांसाठी आपण जादा पैसे मोजतो ते गाडी भरेल त्या दिवसासाठी. घरचे सगळे एकत्र निघतात तो दिवस, किंवा चार पाहुण्यांना सामानासकट विमानतळावरून आणायचं असतं तो दिवस. त्या दिवशी गाडी कशी वागेल, हे खरेदीआधी तपासणारे फार थोडे. पुढे ज्या चुका सांगतो आहे त्यांतल्या बहुतेक इथूनच सुरू होतात.

तिसरी रांग चुकीच्या क्रमाने तपासणं

सेल्समन तिसऱ्या रांगेत बसवून दाखवतो तेव्हा मधली सीट त्याने आधीच पुढे ओढलेली असते. क्रम बदला. घरातल्या सर्वांत उंच माणसाने चालकाच्या जागी आपल्या सोयीने सीट लावून घ्यावी. त्याच्या मागे दुसऱ्या मोठ्या माणसाने गुडघे अवघडणार नाहीत अशी मधली सीट लावावी. आता मागे जी उरली ती तिसऱ्या रांगेची खरी जागा. तिथे तुम्ही स्वतः बसा आणि गाडी दुसऱ्याला चालवायला द्या. पाच मिनिटांत काही कळत नाही. निदान वीस मिनिटं, थोडा खराब रस्ता धरून, फिरा.

बसल्यावर पावलांकडे लक्ष द्या. ती मधल्या सीटखाली सरकत नसतील तर पाय सरळ होणारच नाहीत. मागची जमीन बऱ्याचदा उंच असते, त्यामुळे गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात आणि सगळा भार कमरेवर येतो. तासाभरानंतर मोठी माणसं कुरकुर करू लागतात त्याचं कारण बहुधा हेच. मग डोक्याकडे बघा. पॅनोरमिक सनरूफची चौकट छताची उंची खाते. हेडरेस्ट नीट वर येते का, डोकं आणि मागची काच यांच्यात किती अंतर उरतं, बेल्ट खांद्यावरून जातो की गळ्यावरून, हेही याच वेळी पाहून घ्या.

सात सीट म्हणजे सगळीकडे सारखंच, असं मुळीच नाही. मर्सिडीज-बेंझ जीएलएसच्या तिसऱ्या रांगेत १.९४ मीटर उंचीपर्यंतची माणसं बसू शकतात असं कंपनी सांगते; व्हॉल्वो एक्ससी९०साठी त्या कंपनीनेच १७० सेंटिमीटरची मर्यादा दिली आहे. बीएमडब्ल्यू एक्स७ तीन रांगांसाठीच बेतलेली आहे, तर एक्स५मधली तिसरी रांग ही पर्याय म्हणून मिळणारी, लहान मुलांपुरती सोय आहे. २०२१ साली आलेल्या पाचव्या पिढीच्या रेंज रोव्हरमध्ये सात सीट हव्या असतील तर लांब व्हीलबेसचीच (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) गाडी घ्यावी लागते. म्हणून माहितीपत्रकातला ‘७’ हा आकडा तुलनेसाठी निरुपयोगी समजा.

मागे बसणाऱ्याला गाडी लागते, ही तक्रारही खरेदीनंतरच कानावर येते. तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा त्यांच्याही मागे असते, त्यामुळे तिथे उसळी जास्त जाणवते. त्यात बाहेरचं कमी दिसतं. मागे स्वतंत्र एसीची झडप आहे का आणि ती छतावरून हवा देते की फक्त पायांशी, हे विचारा. यापैकी काहीच नसेल आणि घरात गाडी लागणारं मूल असेल, तर दुसरी गाडी बघावी हे बरं.

लहान मुलांच्या सीट घरी ठेवून टेस्ट ड्राइव्हला जाणं

चाइल्ड सीट सोबत न्या आणि शोरूममध्येच बसवा. एकदा ती मधल्या रांगेत आयसोफिक्सवर, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायच्या गाडीतल्या हुकांवर, बसली की ती मधली सीट पुढे कलते का? काही गाड्यांत चाइल्ड सीटसकट कलते, काहींत चाइल्ड सीट काढल्याशिवाय हलतच नाही. दोन्ही बाजूंना चाइल्ड सीट असतील तर तिसऱ्या रांगेत जायचा रस्ताच बंद होतो, आणि सात सीटांची गाडी घरच्यांसाठी पाच सीटांची होऊन बसते. टॉप टेदरचा, म्हणजे चाइल्ड सीटचा वरचा भाग धरून ठेवणारा, पट्टा मधल्या सीटच्या पाठीमागे अडकवायचा असतो. तो लावल्यावर मागून ये-जा करता येते का, तेही तेव्हाच कळेल.

तिसऱ्या रांगेत आयसोफिक्स असेलच असं धरून चालू नका. एक्ससी९०च्या तिसऱ्या रांगेत ते मिळत नाही. आणखी एक हिशेब सहसा कोणी करत नाही. आयसोफिक्सच्या हुकांवर मूल आणि चाइल्ड सीट मिळून ३३ किलोपर्यंतचाच भार धरलेला असतो. चाइल्ड सीटच १५ किलोची असेल तर मुलाच्या वाट्याला १८ किलो उरतात. त्यापुढच्या वजनाच्या मुलाला गाडीच्या बेल्टनेच बांधायचं असतं. सीटला आधाराचा पाय असेल तर तो जमिनीतल्या सामानकप्प्याच्या झाकणावर टेकतो का बघा. तसं चालतं की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

पेलोड न विचारणं

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे, कारण हिचा संबंध थेट ब्रेकशी आणि टायरशी येतो.

गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन वजा तिचं स्वतःचं वजन म्हणजे पेलोड. समजा कमाल वजन ३,१०० किलो आणि गाडी २,४५० किलोची आहे. उरले ६५० किलो. सात मोठी माणसं, सरासरी ७५ किलोंनी, म्हणजे ५२५ किलो झाली. राहिले १२५. प्रत्येकाची १५ किलोची बॅग धरली तर १०५ किलो गेले. आता हातात २० किलो आहेत, आणि छतावरची रिकामी पेटीच तेवढ्या वजनाची असू शकते. मागे ट्रेलर जोडला तर त्याच्या हुकावर येणारा भारही याच हिशेबातून वजा होतो. थोडक्यात, भारी आणि दणकट दिसणारी गाडी सात माणसांच्या एका सहलीत आपली मर्यादा गाठू शकते.

दोन गाड्यांचे आकडे शेजारी ठेवताना जपा. युरोपीय पद्धतीत गाडीच्या वजनात ७५ किलोचा चालक आधीच धरलेला असतो. जर्मन डीआयएन पद्धतीत तो नसतो. त्यामुळे एकाच गाडीचं पेलोड दोन कागदांवर ७५ किलोंनी वेगळं दिसू शकतं. शिवाय सनरूफ, मोठी चाकं, टो-हुक, मागचे स्क्रीन असं जे जे वाढवाल ते ते पेलोडमधून जातं. माहितीपत्रकातला आकडा साध्या मॉडेलचा असतो. तुम्ही घेणार आहात त्याच गाडीच्या दारावरची किंवा नोंदणी कागदावरची वजनं वाचा.

छतावर वजन टाकून सुटका होत नाही. बहुतेक गाड्यांची छताची मर्यादा ७५ ते १०० किलोंच्या घरात असते आणि रॅकचं वजन त्यातच येतं.

डिकीच्या लिटरवर विश्वास ठेवणं

सातही सीट उभ्या असताना एक्स७मध्ये ३२६ आणि जीएलएसमध्ये ३५५ लिटर जागा उरते. केबिनमध्ये नेण्याजोगी ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटरची बॅग ४४ लिटरची असते, म्हणजे कागदावर सात-आठ बॅगा बसायला हव्यात. प्रत्यक्षात तेवढ्या बसतीलच असं नाही. लिटर मोजताना एकेका लिटरचे छोटे ठोकळे रचले जातात. ते प्रत्येक कोपऱ्यात मावतात, बॅग मावत नाही. शिवाय मापाच्या पद्धती देशोदेशी निराळ्या आहेत. आपल्या रोजच्या बॅगा घेऊन जा, सातही सीट उभ्या करा, बॅगा रचा आणि डिकीचं दार लावून बघा. मुलांची ढकलगाडी किंवा घरातल्या ज्येष्ठांची व्हीलचेअर लागत असेल तर तीही न्या.

घर आणि धंदा यांना एकच गाडी, पण ठरवलं काहीच नाही

धंद्यासाठी गाडी घेताना महत्त्वाचा माणूस मधल्या रांगेत बसतो, घरासाठी घेताना मुलं. दोघांच्या गरजा जुळत नाहीत. पाहुण्यांसाठी मधे दोन स्वतंत्र कॅप्टन सीट छान दिसतात आणि तिसऱ्या रांगेत जायला मधून वाटही मिळते. पण तेव्हा गाडी सहा सीटांची होते. सातवा माणूस महिन्यातून किती वेळा असतो, हे घरात बसून प्रामाणिकपणे मोजा आणि मगच ठरवा. हा निर्णय नंतर बदलता येत नाही.

चढ-उतार साडी नेसलेल्या, सुटातल्या आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाने करून बघावी. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या) असलेल्या बऱ्याच गाड्या चढायला सोपं जावं म्हणून खाली बसतात. ती सोय आपोआप चालते की दर वेळी बटण दाबावं लागतं, हे विचारा. ऑफिसच्या पार्किंगचं मापही घ्या. या वर्गातल्या गाड्या साधारण पाच मीटर किंवा त्याहून लांब असतात. जीएलएस तर ५.२ मीटरची आहे, आणि आरशांसकट रुंदी दोन मीटरच्या चांगलीच पुढे जाते. यांत्रिक लिफ्टच्या पार्किंगला लांबीबरोबर वजनाचीही मर्यादा असते. तीन रांगांच्या मोठ्या इलेक्ट्रिक एसयूव्ही बऱ्याचदा अडीच टनांच्या पुढे जातात, तेव्हा लिफ्टवरची पाटी वाचल्याशिवाय बुकिंग करू नका.

फोनचं एक सांगतो. गाडीला जोडलेल्या फोनचे संपर्क आणि येणारे मेसेज सगळ्यांना दिसतात, ऐकू येतात. ग्राहक मागे बसलेला असताना दुसऱ्या ग्राहकाचं नाव स्क्रीनवर झळकणं बरं नाही. पहिल्याच दिवशी चालक, घर आणि ऑफिस अशी वेगवेगळी प्रोफाइल करून घ्या.

इंजिन वापराप्रमाणे न निवडणं

प्लग-इन हायब्रिड (इंजिनाबरोबर बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी) हवी म्हणून यादी करणाऱ्यांनी आधी सीट मोजाव्यात. ऑडी क्यू७च्या टीएफएसआय ई मॉडेलमध्ये आणि बीएमडब्ल्यू एक्स५च्या प्लग-इनमध्ये तिसरी रांग मिळत नाही, कारण बॅटरीने मागची जागा घेतली आहे. एक्ससी९० टी८मध्ये बॅटरी मधल्या बोगद्यात, म्हणजे गाडीच्या जमिनीच्या मधल्या उंचवट्यात, आहे, म्हणून तिथे सात सीट टिकल्या. आणि घरी वा ऑफिसात चार्जिंगची सोय नसेल तर प्लग-इनची बॅटरी म्हणजे नुसतं ओझं.

डिझेलची अडचण वेगळी. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या तर डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी, तापत नाही आणि तुंबते. आयडलिंगचा (उभ्या गाडीतल्या इंजिनाचा) वेग थोडा वाढलेला, इंजिन बंद केल्यावरही पंखा जोरात फिरतोय, मायलेज अचानक पडलंय, अशी लक्षणं दिसली तर जाळी स्वतःला साफ करत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी गाडी मध्येच बंद न करता मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात थोडा वेळ चालवा. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला असेल आणि तरीही जात नसेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. ताणत बसलात तर जाळीच बदलावी लागते.

घेतल्यानंतर दुर्लक्ष

सकाळी गाडीचा एक कोपरा खाली बसलेला दिसला तर एअर सस्पेन्शनमध्ये गळती आहे असं समजा. सुरू केल्यावर ती वर येते, म्हणून लोक महिनोन्‌महिने तशीच चालवतात. त्या काळात कॉम्प्रेसर जादा राबतो आणि शेवटी तोही जातो. एका कामाची दोन कामं होतात. टायर बदलताना जॅक लावण्याआधी सस्पेन्शनचा जॅक मोड चालू करायला विसरू नका.

टायरच्या हवेचे दोन आकडे दारावरच्या पट्टीवर असतात, एक नेहमीच्या भारासाठी, दुसरा पूर्ण भारासाठी. सात जण आणि सामान घेऊन निघताना दुसरा आकडा पाळायचा. नवे टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) कंपनीने सांगितला आहे त्याहून कमी नको. १०७ म्हणजे एका टायरवर ९७५ किलो, ११० म्हणजे १,०६० किलो. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर टाकून तीन झिजलेले ठेवले तर ट्रान्स्फर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो.

रिकाम्या सीटचा बेल्ट-इशारा वाजत राहिला तर आधी सीटवरची बॅग उचला. तिसरी रांग उभी होत नसेल तर बेल्टचं बक्कल खाली अडकलंय का बघा; बटण पुन्हा पुन्हा दाबून मोटर जाळू नका. आठवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची १२ व्होल्टची बॅटरी वारंवार उतरत असेल तर चावी गाडीजवळ ठेवली जातेय का, हे आधी तपासा, कारण त्यामुळे गाडीचे संगणक जागे राहू शकतात.

विम्याच्या अर्जात गाडी घराबरोबर धंद्यासाठीही वापरणार हे स्पष्ट लिहा. पगारी चालक असेल तर तेही नोंदवा. पुढची काच बदलावी लागली तर त्यामागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणं) विम्यात येतं का, हा प्रश्न सहीच्या आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. ऑफिसच्या आणि घरच्या फेऱ्यांची नोंद पहिल्या किलोमीटरपासून वेगळी ठेवा, कारण वर्षअखेरीस हिशेब मागणाऱ्याला अंदाज चालत नाहीत.