भुसावळ-जळगावकडे भाड्याने द्यायला फ्लॅट घेताय? पहिल्या चार-पाच वर्षांचं गणित आधी बघा

कपाशीचे पैसे हातात आले किंवा रेल्वेतून कोणी रिटायर झालं की आपल्याकडे दोनच विषय निघतात, जळगावला जाऊन सोनं घ्यायचं नाहीतर फ्लॅट घेऊन भाड्याने टाकायचा. फ्लॅटवाल्यांसाठी हे लिहितोय. माझा भुसावळचा फ्लॅट बरीच वर्षं भाड्याने आहे आणि सुरुवातीच्या वर्षांकडे आता मागे वळून बघितलं की एक गोष्ट पक्की कळते भो, पैसा भाडं जास्त लावून सुटत नाही, घर रिकामं न राहिल्याने सुटतो.

आधी हिशोब. समजा २५ लाखाचा फ्लॅट आणि ७,००० भाडं. वर्षाचे ८४,००० म्हणजे ३.३६ टक्के. पण घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, मध्येच महिनाभर रिकामं, नळ गळतोय, हे सगळं धरून मी कायम १० महिन्यांचंच भाडं मोजतो, ७०,०००, म्हणजे २.८ टक्के. आता १८ लाख लोन, २० वर्षं, ९ टक्के असेल तर हप्ता येतो १६,२०० च्या आसपास. मग एजंट जे म्हणतो ना की भाड्यातून हप्ता निघून जाईल, तो निम्मासुद्धा निघत नाही. वरचे नऊ हजार दर महिन्याला पगारातूनच जाणार हे घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा आणि सहा महिन्यांचे हप्ते वेगळे काढून मगच टोकन द्या.

घर बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात भर दुपारी जा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टॉप फ्लोअरचा स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला असतो, स्वस्त मिळतो म्हणून लोक वरचा मजला घेतात आणि मग दर एप्रिलला भाडेकरू खाली कुठे रूम आहे का विचारत फिरतो. वरचाच घ्यायचा असेल तर गच्चीला पांढरा कोट मारायचा खर्च किमतीतच धरा. खिडकीला कूलर बसेल अशी लोखंडी जाळी, जवळ पॉइंट आणि पाणी बाहेर पडायला पाईप एवढं करून ठेवलं तर भिंतीला ओल धरत नाही, दोन-तीन हजाराचं काम आहे पण फॅमिली टिकते ती ह्याच्यामुळे. पाण्याचं एजंटला विचारूच नका, शेजारच्या काकूंना विचारा. नळ किती दिवसाआड येतो, टाकी केवढी, बोअरिंग मार्चनंतर चालते का, टँकरचे पैसे कोण भरतं. फरशी इटालियन असली काय नि साधी असली काय, पाणी नसेल तर माणूस राहत नाही.

भाडेकरू कोण मिळणार हे गावावर आहे. भुसावळला रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र, म्हणजे पगार वेळेवर पण बदली आली की घर खाली. जळगावात बांभोरीकडची कॉलेजची पोरं, ती मे मध्ये जातात आणि नवीन पोरं यायला पुढचं सेशन उजाडतं.

अ‍ॅग्रीमेंट मात्र रजिस्टरच करा, ओळखीचा असला तरी, पाहुणा असला तर नक्कीच! नोटरी करून भागतं असं सगळे सांगतात पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, नोंदवायची जबाबदारी मालकाची, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच आधी खरं धरलं जातं. स्टॅम्प एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, शहरात नोंदणी फी १,०००, ऑनलाईन होऊन जातं. सोबत पोलीस स्टेशनला माहिती द्या.

भाडं वाढवायचं म्हणाल तर, ५०० वाढवले की वर्षाचे ६,००० जास्त, आणि त्यावरून चांगला माणूस उठून गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं की ७,००० गेले, वर रंगकाम आणि दलाली वेगळी. वेळेवर पैसे देणारी, नळ स्वतः दुरुस्त करून घेणारी फॅमिली असेल तर मी दोन वर्षं भाड्याला हात लावत नाही.

टॅक्सचं थोडक्यात, भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर सरळ ३० टक्के वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. लोनचं व्याजही वजा होतं पण नवीन टॅक्स रिजीममध्ये त्यातून आलेला तोटा पगारातून वजा करता येत नाही, सीएला आधीच विचारा.

आणि डिपॉझिट परत देताना चावी घेतली की लगेच पैसे देऊ नका. लाईटचं शेवटचं बिल महिन्याने येतं आणि मीटर तुमच्या नावावर असतो, त्या दिवशीचं रीडिंग मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तेवढी रक्कम मागे ठेवूनच बाकीचे द्या.