पहिल्या नॅरेशनला जाण्याआधी

माझी पहिली हिंदी पटकथा एसटीतल्या एका महिला कंडक्टरची होती. शेवटची फेरी संपवून ती आगारात रोकड मोजायला बसते. तीनदा मोजते आणि तिन्ही वेळा दोनशे रुपये जास्त भरतात. कमी भरले असते तर तिने खिशातून घातले असते. जास्तीचं काय करायचं ते तिला कळत नाही. पुढचा सगळा सिनेमा त्या दोनशे रुपयांवर उभा होता. अंधेरीतल्या एका ऑफिसात मी पाऊण तास नॅरेशन दिलं, म्हणजे निर्मात्यांना पटकथा तोंडी ऐकवली. निर्मात्यांनी मनापासून ऐकलं, मग गार झालेला चहा बाजूला सरकवून विचारलं, "इंटरव्हल कुठे पडतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मला त्या प्रश्नाचा रागही आला. आज तो प्रश्न मला रास्त वाटतो. मध्यंतरात उठून बाहेर गेलेल्या माणसाला आत परत कोण आणणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असायलाच हवं.

माझं चुकलं ते त्यानंतर. कंडक्टरचा नवरा पोलीस करू म्हणाले, मी केला. एक गाणं हवं होतं, घातलं. सुरुवातीला मारामारी हवी म्हणून चौथ्या ड्राफ्टमध्ये रोकड मोजण्याचा सीन गेला. सुटा पाहिला तर प्रत्येक बदल किरकोळ होता, म्हणून मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. पुढे प्रोजेक्टच बारगळला. सायनिंग अमाउंटपलीकडे पैसे मिळाले नाहीत आणि हातात उरलेल्या ड्राफ्टमध्ये कुणाला दाखवावं असं माझं काही नव्हतं.

त्या रिकाम्या महिन्यांत मी 'अर्धसत्य' वही घेऊन पाहिला. एकदा नाही, सात-आठ वेळा. 1983 चा सिनेमा, दिग्दर्शक गोविंद निहलानी, श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. चौकट बघा: प्रामाणिक फौजदार, राजकारणात शिरू पाहणारा गुंड, एक प्रेमकथा. हे वन-लायनर कुठल्याही निर्मात्याला ऐकवा, तो पुढचं विचारेल. धोका पत्करलाय तो चौकटीच्या आत. त्या फौजदाराच्या, अनंत वेलणकरच्या, मारानं कोठडीत एक माणूस मरतो आणि नोकरी वाचवण्यासाठी तो ज्याला पकडायला धडपडत होता त्याच रामा शेट्टीच्या दारात जातो. प्रेक्षकाने ज्याच्यावर जीव लावला तो नायक तिथे त्याच्या डोळ्यांदेखत वाकतो. ही एक गोष्ट काढली असती तर सूडाचा आणखी एक पोलीसपट उरला असता. ती ठेवूनही सिनेमा चालला, आणि रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर हे नाव हिंदी प्रेक्षकाला कळलं ते इथूनच.

म्हणून नवीन येणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: नॅरेशनला जाण्याआधी एका कार्डावर तो एकच सीन लिहून काढा, जो गेला तर सिनेमा तुमचा राहणार नाही. बाकी सगळं बोलणीत सोडता येतं. गाव बदलेल, नवरा पोलीस होईल, गाणंही येईल. आणि त्या सीनची बाजू मांडताना 'कलात्मक' हा शब्द वापरू नका. तिथे प्रेक्षकाच्या पोटात काय होईल ते सांगा. निर्मात्याचं घर गहाण असू शकतं, त्याची भीती खरी असते.

नियम मोडला म्हणून सिनेमा पडतो, असंही कुणी सांगेल. राज कपूरच्या 'संगम'ला दोन मध्यंतरं होती, 1964 मध्ये तो जोरात चालला. 1970 च्या 'मेरा नाम जोकर'लाही दोनच होती आणि तो आपटला. मध्यंतरांच्या संख्येवरून त्या दोघांबद्दल काहीच कळत नाही. असले ठोकताळे ऐकवले गेले तर वाद घालू नका, आपला सीन पुन्हा सांगा.

आता कागदपत्रांचं. स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घ्या आणि कुणालाही पाठवण्याआधी पटकथा तिथे रजिस्टर करा, ते ऑनलाइन होतं. नॅरेशन झालं की त्याच दिवशी काय ऐकवलं ते दोन ओळींत ईमेल करून ठेवा. किती ड्राफ्ट लिहायचे, कुठल्या ड्राफ्टला कुठला हप्ता, श्रेयनामावलीत नाव कसं येणार, हे करारात आकड्यांनिशी हवं. शब्दावर जाऊ नका, समोरचा कितीही भला असला तरी. आणि ठरलेल्या मुदतीत सिनेमा सुरू झाला नाही तर हक्क लेखकाकडे परत येतील, हे कलम मागून घ्या. मी मागितलं नव्हतं. दोनशे रुपये जास्त भरलेली माझी कंडक्टर अजून त्याच ऑफिसच्या कपाटात पडून आहे.