डेथ ऑडिट हातात आलंय? नवीन रेसिडेंटसाठी माझा अनुभव

जनरल सर्जरीला जॉईन झालात की कधीतरी डेथ ऑडिटची, म्हणजे पेशंट का गेला हे तपासायच्या मॉर्टॅलिटी मीटिंगची फाईल तुमच्याकडे येणारच, मुंबईत तर नक्कीच, कारण जव्हार-मोखाड्याकडचे सिरियस पेशंट फिरत फिरत शेवटी इथे रेफर होतात आणि त्यातले काही आपल्याच वॉर्डात दगावतात. मी हे काम दोन वर्षं केलं, सुरुवातीला चुकीचं केलं, म्हणून लिहितेय.

माझी पहिली केस मोखाड्याच्या बाजूचे एक काका. अल्सर फुटून पोटभर पू. ऑपरेशन रात्रीच झालं, दोन दिवसांनी गेले. फॉर्मवर कारणाच्या रकान्यात मी लिहिलं 'पेशंट उशिरा आला', सही केली. आमच्या सीनियर मॅडमनी ते खोडलं आणि एवढंच विचारलं, "उशीर कुठे झाला गं, किती तास?" मला सांगता येईना.

मग रेकॉर्ड रूममधून पेपर काढले. रेफरची चिठ्ठी म्हणजे अर्धा कागद, 'पोटदुखी, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत' आणि खाली शिक्का. वेळ नाही, बीपी नाही, काय दिलं तेही नाही. मुलाला फोन केला, किती वाजता दुखायला लागलं विचारलं तर गप्प. जरा वेळाने म्हणाला, "मुक्कामाची गाडी आली ना मॅडम, तेव्हा बाबा आडवेच पडले होते." तिथून धागा मिळाला. रात्री मुक्कामाला आलेली एसटी सकाळी सुटते, त्याच गाडीने ते निघाले, एका ठिकाणी इंजेक्शन घेऊन परत घरी, दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं, मग आपण. सगळं मांडलं तर चाळीसच्या वर तास भरले. आणि त्यातले पाच तास आपल्याच कॅज्युअल्टीत, ऑपरेशनचं टेबल रिकामं होण्याची वाट बघत. ते पाच तास लिहिताना माझा हात थांबला होता, पण लिहिले.

तेव्हापासून मी तीन उशिरांची पद्धत वापरते, थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंसाठी मांडलेली: घरात निर्णय घ्यायला लागलेला वेळ, पोचायला लागलेला, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला. सर्जरीला तंतोतंत लागू पडते. फक्त नातेवाईकांना घड्याळ विचारू नका, गाडी विचारा, गुरं कधी सोडली ते विचारा.

दुसरं, सर्जरीच्या पेशंटच्या मृत्यूंचं ऑडिट करायची ऑस्ट्रेलियाची पद्धत जरूर वाचा. २००१ मध्ये वेस्टर्न ऑस्ट्रेलियात स्कॉटलंडच्या धर्तीवर सुरू झाली, नंतर देशभर गेली, नॉर्दर्न टेरिटरीसारख्या तुरळक वस्तीच्या लांबच्या भागातही. सर्जन स्वतः फॉर्म भरतो, नावं काढून तो त्याच स्पेशालिटीच्या दुसऱ्या सर्जनकडे जातो, त्याला शंका आली तरच पूर्ण केसपेपर आणखी एकाकडे. ऑपरेशन न होताच गेलेला पेशंटसुद्धा मोजतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं, कारण आपल्याकडे टेबलवर न पोचलेला माणूस ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) रजिस्टरमध्ये दिसतच नाही! त्यामुळे ओटी रजिस्टरवर विसंबू नका, वॉर्ड आणि कॅज्युअल्टीची डेथ रजिस्टरं स्वतः चाळा, वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशींना विचारा, त्यांना खूप आठवतं.

आणि निष्कर्ष मीटिंगमध्येच ठेवू नका. आम्ही पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करायला लागलो, दोष द्यायला नाही, पेशंटचं पुढे काय झालं ते सांगायला. तिथले एक एमओ (मेडिकल ऑफिसर) म्हणाले, मला आजवर हे कुणी कळवलंच नव्हतं. त्यांच्याशी बोलून साधंच ठरलं, पोटात अल्सर किंवा आतडं फुटल्याचा संशय आला की राईल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी), सलाईन, अँटिबायोटिक सुरू करूनच अँब्युलन्स सोडायची, चिठ्ठीवर वेळ टाकायची, निघताना आम्हाला फोन. फोन आला की आम्ही ब्लड आणि टेबलचं आधीच बघतो.

थीसिस म्हणून करणार असाल तर एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या टर्ममध्येच घ्या आणि नातेवाईकांना फोन करणार हे त्यात स्पष्ट लिहा, माझं ते राहिलं होतं आणि तीन महिने गेले. फोन शक्यतो संध्याकाळी करा, रानातून माणसं घरी आलेली असतात.