धरणफुटीचे मॉडेल अडले? हेक-रासमध्ये आधी हे तपासा

धरण फुटल्यावर पूर कुठवर पसरेल हे हेक-रास या सॉफ्टवेअरमध्ये मांडताना मॉडेल 'अनस्टेबल' झाले, म्हणजे आकडे उड्या मारू लागले, की बहुतेकांचा हात पहिल्यांदा टाइमस्टेपकडे (गणिताच्या दर पावलाच्या सेकंदांकडे) जातो. तो आवरा. आधी पाण्याचा हिशेब आणि उंच्या पाहा, कारण लाल अक्षरांतल्या बऱ्याच एररचे मूळ तिथेच निघते.

साठ्यापासून सुरुवात करा. धरणाच्या कागदांत साठा कुठे दलघमीत (दशलक्ष घनमीटर) असतो, कुठे दलघफूत (दशलक्ष घनफूट). १ दलघमी म्हणजे ३५.३१ दलघफू. इथे गफलत झाली तरी मॉडेल बिनतक्रार चालते, उत्तर मात्र निकामी. दुसरे म्हणजे उपग्रहाच्या डीईएममध्ये (जमिनीच्या उंच्यांच्या डिजिटल नकाशात) जलाशयाचा तळ नसतोच, त्या दिवशीची पाण्याची पातळी असते. त्यावर टूडी जाळी (गणितासाठी जमिनीचे पाडलेले खण) टाकली की खालचा सगळा साठा गायब. त्यापेक्षा जलाशयाला स्टोरेज एरिया (सगळीकडे एकच पातळी धरलेला साठा) करा आणि धरणाचा उंची-साठा तक्ता भरा.

आता भगदाड. मातीचे धरण, भगदाडाची उंची २० मीटर, साठा २० दलघमी आणि पाणी माथ्यावरून वाहून फुटले, असे धरू. जुन्या धरणफुटींच्या नोंदींवरून काढलेल्या फ्रोलिखच्या २००८च्या सूत्रांनी भगदाडाची सरासरी रुंदी सुमारे ८६ मीटर येते आणि ते पूर्ण उघडायचा वेळ सुमारे ४,५०० सेकंद. पण हेक-रास तळाची रुंदी मागते. बाजूंचा उतार १:१ असल्याने ८६मधून २० वजा करून ६६ भरायचे. सरळ ८६ टाकले की भगदाड फुकटचे रुंदावते. वेळही तासांत द्यायची आहे, म्हणजे १.२५.

ताळा करायला फ्रोलिखचेच १९९५चे कमाल विसर्गाचे सूत्र आहे. वरच्या धरणाला ते साधारण ३,५५० क्युमेक्स (सेकंदाला घनमीटर) देते, म्हणजे सव्वा लाख क्युसेक्स. मॉडेलचा आकडा याच्या दुपटीवर किंवा निम्म्यावर असेल तर पुढे जाऊ नका. भगदाड उघडतच नसेल तर सांडवा तपासा. ट्रिगरच्या (भगदाड सुरू व्हायला ठरवलेल्या) पातळीला पाणी पोचण्याआधीच तो येवा वाहून नेत असतो.

उंच्यांत खानदेशात दोन खड्डे आहेत. कार्टोडेम या भारतीय उपग्रहाच्या डीईएममधल्या उंच्या एलिप्सॉइडवरच्या (पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरून मोजलेल्या), धरणाचे नकाशे समुद्रसपाटीवरचे. फरक ५० मीटरांहून जास्त. धरण हवेत तरंगताना किंवा जमिनीत गाडलेले दिसले तर हेच कारण. दुसरा खड्डा केळीचा. रावेर-यावलकडे तापीकाठच्या दाट बागांत डीईएम जमिनीऐवजी पानांच्या माथ्याजवळची उंची पकडतो. काठ खोटाच उंच होतो, पूर पात्रातच कोंडतो आणि नकाशावर गावे कोरडी राहतात. बागांमधल्या शेतरस्त्यांवर आरटीके जीपीएसने (सेंटिमीटरपर्यंत अचूक मोजणाऱ्या) उंच्या घ्या आणि तेवढा भाग खाली आणा.

धुळ्यात पांझरेवरचे पूल काही डीईएममध्ये भिंतीसारखे उभे असतात. पुलाच्या वरच्या बाजूला पाणी तुंबलेले दिसले की टेरेनमधून (मॉडेलच्या जमिनीतून) पात्र कापून घ्या. रेल्वेच्या भरावाचे उलटे. त्यावर ब्रेकलाइन (खणांच्या कडा भरावाच्या माथ्यावर आणणारी रेघ) नसेल तर जाळीच्या मोठ्या खणातून पाणी भराव ओलांडून पाझरते. मोऱ्या मात्र वेगळ्या टाकाव्या लागतात. पांझरेवरचे फड पद्धतीचे (पारंपरिक सामूहिक सिंचनाचे) बंधारे ३० मीटरच्या डीईएममध्ये दिसत नाहीत म्हणून वेळ घालवू नका, कित्येक मीटर खोल लाटेखाली ते बुडूनच जातात.

एवढे करूनही आकडे उड्या मारत असतील तर मग टाइमस्टेपकडे वळा. लाटेचा वेग सेकंदाला ५ मीटर आणि खण ५० मीटरचा असेल तर १० सेकंदांच्या टाइमस्टेपला कुरंट अंक (एका पावलात लाट किती खण ओलांडते ते) १ होतो. लाट धारदार असल्याने त्याच्या खालीच राहा. डिफ्यूजन वेव्ह या सोप्या केलेल्या समीकरणाने मॉडेल गुळगुळीत चालते, पण धरणाखालच्या पहिल्या टप्प्यात जडत्वच सुटते, म्हणून अंतिम रन पूर्ण मोमेंटमवरच काढा. शेवटी व्हॉल्यूम अकाउंटिंग (आत आलेल्या, बाहेर गेलेल्या आणि उरलेल्या पाण्याचा ताळा) बघा. तूट १ टक्क्याच्या वर असेल तर नकाशा कुणाला देऊ नका.

खालची सीमा तापीच्या संगमाशी असेल तर तिथे नॉर्मल डेप्थ (पात्राच्या उतारावरून काढलेली पातळी) चालत नाही. तापी भरलेली असताना पांझरा मागे फुगते, म्हणून त्या सीमेला तापीच्या पुराची पातळी द्या.