फीसाठी ॲडमिशन सोडू नका, आधी एवढं करा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी घरोघरी तेच बोलणं चालू होतं, पोरगी हुशार आहे हो पण इंजिनिअरिंगची फी आपल्याला कुठली झेपायला, त्यापेक्षा गावातच बीए करू दे. असं म्हणणाऱ्या आईबापांना आणि त्यांच्या पोरांना मदत करायची असेल (शिक्षक असा, मोठा भाऊ असा, शेजारी असा) तर त्यासाठी हे लिहितोय. आपल्या महाराष्ट्रात फीचा पैसा सरकारकडून मिळतो, पण तो उशिरा मिळतो, आणि कागद तयार नसला तर मिळतच नाही. त्यामुळे खरं काम निकालाच्या आधीचं आहे.

एप्रिल उजाडला की पहिला उत्पन्नाचा दाखला काढायला टाका. तहसीलदारांचा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो, म्हणून मागच्या वर्षीचा घरात पडलाय म्हणून निवांत राहू नका. जून-जुलैमध्ये सेतूवर जी गर्दी होते ती बघितली तर कळेल का सांगतोय. सोबत डोमिसाईल (रहिवासी दाखला), जातीचा दाखला, ओबीसी असाल तर नॉन क्रिमीलेअर, खुल्या प्रवर्गातले असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला. आणि कास्ट व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी! ही अकरावीतच टाका, महिनोन्‌महिने लागतात, आणि आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायलाच अर्धा वेळ जातो.

आणि नावं जुळतात का बघा. आधारवर एक, दहावीच्या मार्कशीटवर दुसरं, बँकेत वडिलांचं नाव आधी, असा घोळ बऱ्याच घरात असतो आणि फॉर्म अडतो तो तिथेच. आधार दुरुस्ती मे महिन्यातच उरकून घ्या.

आता ॲडमिशन. इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या कोर्सेसना कॅप राऊंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, ॲडमिशन घ्या. एखादा एजंट घरी येऊन सांगतो की मॅनेजमेंट कोट्यातून चांगलं कॉलेज देतो, पण तिथे गेलात की फी सवलत हातातून गेली, मग चार वर्षं पूर्ण फी भरत बसा. त्यापेक्षा कॅपमधून मिळालेलं थोडं खालचं कॉलेज कधीही बरं, हे माझं स्पष्ट मत आहे.

योजना खूप आहेत, बहुतेक महाडीबीटी या सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दिसतात, ठळक तेवढ्या सांगतो. घरचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, यात शिक्षण शुल्काचे ५० टक्के सरकार भरतं, घरातल्या पहिल्या दोन मुलांना. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठी गोष्ट झालीये, ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सेसना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ, उत्पन्नाची अट तीच. एससी विद्यार्थ्यांना अडीच लाखांपर्यंत भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फी माफी.

हे माहीत नसलं की काय होतं ते मी काउंटरवर उभं राहून बघितलंय. मुलीच्या हातात अलॉटमेंट लेटर, वडील शेतमजूर, आणि खिडकीतला क्लार्क म्हणतोय आधी पूर्ण फी भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ. वडिलांनी तिथूनच कुणाला तरी फोन लावला व्याजाने पैसे मागायला. मी त्यांना फोन ठेवायला लावला, स्कॉलरशिपवाल्या मुलांकडे फी आधी मागू नका असं सांगणाऱ्या शासन निर्णयाची प्रिंट पिशवीत होती ती घेऊन सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो, आणि अर्ध्या तासात ॲडमिशन झालं. म्हणून सांगतो, शासन निर्णयाची प्रिंट सोबत ठेवा, आणि फी मागितली तर नियम काय आहे ते शांतपणे लेखी विचारा. ऐकलंच नाही तर तंत्रशिक्षणच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्या.

पैसे खात्यावर येण्यासाठी बँकेत आधार सीडिंग लागतं, म्हणजे आधार नंबर त्या खात्याला जोडलेला लागतो. नुसतं केवायसी झालं म्हणजे सीडिंग झालं असं नाही, डीबीटीचा (सरकारकडून थेट खात्यात येणारा) पैसा आधारला मॅप असलेल्या खात्यातच जातो, मग ते कधीकाळी उघडून विसरलेलं खातं का असेना. मायआधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, दोन मिनिटांचं काम आहे.

फी सुटली तरी शहरात राहायचं-खायचं काय, खरी पोरं मागे फिरतात ती इथे. आधी सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरा. तिथे नंबर नाही लागला तर एससी आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम, ओबीसी-भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. पुण्या-मुंबईसारख्या शहरात स्वाधारमध्ये वर्षाला ६० हजारांपर्यंत मिळतात, पण तेही हप्त्याने आणि उशिरा, म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांच्या मेसची सोय आधीच करून ठेवा. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. कॉलेजात कमवा आणि शिका (कॉलेजात काम करून शिकायची योजना) आहे का तेही विचारा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत रुजवलेली ही गोष्ट आहे, त्यात काम करायला कुणाला कमीपणा वाटू देऊ नका.

कर्ज सगळ्यात शेवटी. पीएम विद्यालक्ष्मी या केंद्राच्या शैक्षणिक कर्ज योजनेत ठरावीक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत मिळते. पण कॉलेज यादीत आहे का ते आधी बघा. आणि सावकाराकडे जायची वेळ आलीच तर जाण्याआधी निदान एकदा कुणाला तरी विचारा, कॉलेज फीचे हप्ते करून देतात, मागावे लागतात फक्त.

फॉर्म भरला की विसरू नका. दर आठवड्याला लॉगिन करून सेंड बॅक आलाय का बघत राहा, क्लार्क एक अस्पष्ट स्कॅन बघून परत पाठवतो आणि पोराला दिवाळीला कळतं. तारीख गेली की वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी रिन्यूअल वेगळं भरावं लागतं, त्यासाठी निकालाची मार्कशीट आणि त्या वर्षाचा नवीन उत्पन्नाचा दाखला तयार ठेवा.