चाळीस पोरं मुक्कामाला येणार, तर...

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर सहल येतेय, मुक्काम गावच्या देवळात आणि जेवण तुमच्याकडे, असा निरोप आला की आधी सरांना फोन करा. मुलं किती, मुली किती, कितवीतली, आणि कुणाला काय चालत नाही? शेंगदाण्याचं मुद्दाम विचारा, कारण आपल्याकडे कूट कशात नसतं! पोरं कोकणातली असली तर आपल्या चटणीची त्यांना सवय नसते. आमटी बेतानं तिखट करा, चटणी वाटीत वेगळी ठेवा.

मग बेत. पदार्थ कमी, पण वेळेवर. रात्री भात, आमटी, बटाट्याची भाजी. सकाळी उप्पीट. गडावर न्यायला चपाती आणि सुकी भाजी. ४० पोरांना तीन-तीन म्हटलं तरी १२० चपात्या होतात, त्या एकटीनं लाटायच्या भानगडीत पडू नका. सहा घरांना वीस-वीस वाटून द्या, कुणी नाही म्हणत नाही.

सामान बेळगावच्या रविवार पेठेतून एकदाच आणा. ४० जणांना एका वेळेला ४ किलो तांदूळ, शिक्षक आणि वाढपी धरून साडेचार. तूरडाळ सव्वा किलो, बटाटे ५ किलो, उप्पिटाला रवा अडीच किलो. तांदूळ सोना मसुरी घ्या. इंद्रायणी चवीला छान, पण एवढ्या भाताचा तिचा गोळा होतो.

खरी परीक्षा भाताचीच. पहिल्या वर्षी मी सगळा तांदूळ एकाच मोठ्या टोपात घातला. मधला कच्चा आणि तळाला लागलेला! आता दोन टोप करते. भरपूर पाणी उकळायचं, मीठ घालायचं, तांदूळ टाकायचा आणि कणी राहिली असतानाच वेळायचा, म्हणजे पाणी ओतून काढायचं, मग झाकून मंद आचेवर दहा मिनिटं. तरी लागलाच तर ढवळू नका. वरचा भात अलगद दुसऱ्या भांड्यात काढा, तळ तसाच सोडा.

भात उरला तर? घरी सकाळी फोडणीला टाकतो, इथे नको. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला की त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दोन तासांत संपला नाही तर गोठ्यात.

दुसऱ्या रात्री हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर करा, पोरं खूश होतात. दीड किलो सोललेला गहू रात्रभर भिजवायचा, कुकरला मऊ शिजवायचा, मग तेवढाच गूळ, खोबरं, वेलची. दूध शिजताना घालू नका, गुळानं फाटतं. वाढताना वरून द्या.

पंगतीआधी सगळ्यांचे हात साबणानं धुवून घ्या, आणि लहानग्यांना पहिल्या पंगतीत बसवा. पहिल्यांदा थोडंच वाढा.

पिण्याचं पाणी उकळून गार केलेलं, माणशी दिवसाला दोन लिटर धरा. कुणाला जुलाब लागले तर असल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा, चमचा चहाचाच. पोर मलूल पडलं तर वाट बघू नका, १०८ ला फोन.

रात्री मुलींची झोपायची सोय वेगळी, दाराशी एक बाई. संडासाच्या वाटेवर बॅटरी टांगून ठेवा, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. साडेनऊच्या सुमारास एखादं पोर आईच्या आठवणीनं रडतंच. त्याला समजावत बसण्यापेक्षा लसूण सोलायला बसवा. दहा पाकळ्यांत गप्प होतं.

एक गोष्ट बाहेरची माणसं विसरतात. इथल्या एसटीच्या पाट्या कन्नडमध्ये असतात, पोरांना वाचता येत नाहीत. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी घाला: गावाचं नाव आणि सरांचा नंबर, एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये. चुकलं पोर तर कंडक्टर ती वाचून फोन करेल.

निघताना बसमध्ये डोकी मोजा, मग देवळामागची दोरी बघा. दोन टॉवेल आणि एक चड्डी तिथं वाळत राहिलेली असतेच.