नमुना हवेचा हवा, मोटरचा नको

हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर (भरपूर हवा फिल्टरमधून ओढून तिच्यातले कण गोळा करणारं यंत्र) बाहेर काढायच्या आधी त्याची मोटर बघा. कार्बन ब्रशवाली असेल, तर ब्रश आणि तांब्याचा कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो फिरता भाग) घासून झिजतात आणि ती काळी भुकटी एक्झॉस्टमधून बाहेर पडते. तीच हवा फिरून इनलेटमध्ये शिरली की फिल्टरवर तांबं आणि काळा कार्बन दिसतो. तो हवेतला की मोटरचा, हे नंतर प्रयोगशाळेत वेगळं काढता येत नाही. धातू मोजायचे असतील तर ब्रशलेस ब्लोअरच घ्या. तो नसेल तर एक्झॉस्टला लांब नळी जोडून तोंड वाऱ्याच्या खालच्या बाजूला काढा. वारा मात्र दिवसभर एका दिशेने वाहत नाही, हे धरून चाला. ब्रश बदलले असतील तर नमुन्याचा फिल्टर चढवण्याआधी मोटर कमी व्होल्टेजवर चालवून ते नीट बसू द्या आणि प्रवाहाचं कॅलिब्रेशन पुन्हा करा. जनरेटरचा धूर इनलेटमध्ये जाऊ देऊ नका, हे तर सांगायलाच नको.

फिल्टर कामाप्रमाणे निवडा. अल्कधर्मी ग्लास फायबर सल्फर डायऑक्साइड शोषतो आणि तिथेच सल्फेट तयार होऊन वजन वाढतं. सेंद्रिय कार्बनसाठी क्वार्ट्झ फिल्टर ५५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून, तशाच भाजलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळा. हातमोजे पावडर नसलेले. क्रोमियम, निकेल मोजायचं असेल तर स्टीलच्या चिमट्याऐवजी प्लास्टिकचा घ्या.

वायूंच्या नमुन्यात पंप नेहमी शोषक नळीच्या (वायू धरून ठेवणाऱ्या नळीच्या) मागे असावा, पुढे नाही; म्हणजे हवा आधी नळीतून आणि मग पंपातून जाईल. जोडणीत रबर किंवा सिलिकॉन नको: ते सेंद्रिय वाफा शोषतात, स्वतःच्याही सोडतात. टेफ्लॉन किंवा स्टेनलेस स्टील चालतं.

फील्ड ब्लँक, म्हणजे हाताळणीतली घाण तपासायचा कोरा फिल्टर, बरोबर न्या. तो सॅम्पलरमध्ये बसवा, हवा न ओढता काढा. कमी प्रवाहाच्या सॅम्पलरमध्ये मिनिटाला १६.७ लिटरने २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा जाते, म्हणजे ब्लँकवरचे २४ मायक्रोग्रॅम म्हणजे निकालात प्रति घनमीटर १ मायक्रोग्रॅमची भर. पण मोटरची भुकटी या ब्लँकमध्ये सापडत नाही, कारण तेव्हा मोटर बंदच असते. त्यासाठी चालू मोटरच्या एक्झॉस्टसमोर कोरा पांढरा फिल्टर थोडा वेळ धरा. काळा डाग पडला तर ब्रश झिजताहेत आणि त्या सॅम्पलरचे तांब्याचे आकडे धरू नका.